बारशाचं पॅकेज: पडदा त्यांचा घ्या, पाळणा पारखून घ्या

मुंबईत बारशाची सगळी तयारी एका फोनवर करून देणारे डेकोरेटर आता जवळजवळ प्रत्येक उपनगरात आहेत. पॅकेजचा साचा साधारण एकच असतो. सजवलेला पाळणा, मागे कापडाचा किंवा फुलांचा पडदा, फुग्यांची कमान, बाळाच्या नावाची पाटी, दिवे, आणि वरचे पैसे दिले की बाळाच्या प्रवेशाला धूर. या साच्यातला कुठला जिन्नस कामाचा, कुठला फसतो, आणि काय दादरहून स्वतः आणलेलं बरं, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पडदा, दिवे, खुर्च्या त्यांच्याकडून खुशाल घ्या. त्यात त्यांचा हात बसलेला आहे आणि घरच्यांची दगदग वाचते. पाळणा मात्र प्रत्यक्ष बघितल्याशिवाय ठरवू नका. फुलं आणि पूजेचं सामान दादरहून आणा. धूर रद्द करा.

असं का, तर ही सगळी मांडणी समोरून फोटो काढण्यासाठी बेतलेली असते आणि बारसं मात्र चारी बाजूंनी होतं. पाळण्याच्या अलीकडे आणि पलीकडे बायका उभ्या राहतात. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ एका हातातून दुसऱ्या हातात, पाळण्याखालून आणि वरून फिरतं. आत्या बाळाच्या कानाशी वाकते, कुर्रर्र करते, नाव सांगते, आणि मागून तिच्या पाठीत धपाटे बसतात. हे व्हायचं तर पाळण्याच्या मागे माणसाला उभं राहायला जागा हवी. पॅकेजात पाळणा पडद्याला चिकटवून लावलेला असतो. मग सगळ्या बायका एकाच बाजूला दाटीवाटीने उभ्या राहतात आणि पलीकडून बाळ घ्यायला कुणी नसतं. म्हणून बुकिंग करतानाच सांगा: पडदा आणि पाळणा यांच्यात किमान तीन फूट मोकळे हवेत आणि मागून यायला-जायला वाट हवी. फोटोत पडदा थोडा मागे जातो, एवढाच फरक.

दुसरं माप पाळण्याखालचं. पाळण्याचा तळ जमिनीपासून निदान दोन फूट वर असेल तरच बाळ खालून सुखरूप पलीकडे देता येतं. हल्ली चंद्रकोर, हंस, कमळ अशा आकारांचे जे पाळणे मिळतात, त्यांतले बरेच एका चौथऱ्यावर बसवलेले असतात. खाली जागाच नाही. दिसायला सुंदर, पण बारशाचा अर्धा विधी त्यात होत नाही. शिवाय चंद्रकोरीची कड मधोमध अगदी उथळ असते. गादी टाकल्यावर वर चार बोटंही उरत नाहीत. पाळण्याची कड गादीच्या वर किमान एक वीत असायला हवी. दोन-अडीच महिन्यांचं बाळ पाय झाडून स्वतःला सरकवतं. ते पालथं होत नाही म्हणून कडेवाचून चालेल, हा समज चुकीचा आहे.

भाड्याने मिळणाऱ्यांत सगळ्यात भरवशाचा तो जुन्या घाटाचा लाकडी पाळणा: दोन खांब, वर आडवी दांडी, साखळ्यांवर टांगलेली चौकट. दिसायला साधा असला तरी फुलं चढल्यावर त्याच्यासारखा दुसरा दिसत नाही. तो घेताना काय बघायचं? बाजूच्या दोन पट्ट्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. चार बोटं सहज आत जात असतील तर तो पाळणा सोडून द्या. चारी साखळ्यांच्या कड्या मोजा. एका साखळीत एक कडी जरी कमी असली तरी पाळणा त्या कोपऱ्याला उचलला जातो आणि बाळ समोरच्या कोपऱ्यात घसरतं. साखळी दांडीला कशी अडकवली आहे तेही पाहा. उघड्या तोंडाचा एस आकाराचा हुक असेल, तर खालून बाळ देताना कुणाच्या खांद्याचा धक्का लागून पाळणा जरा उचलला गेला तरी तो हुक निसटू शकतो. तोंड बंद होणारी कडी किंवा नटबोल्टचा चाप मागा. घडीच्या लोखंडी स्टँडला हाताने आवळायचे फुलपाखरी नट असतात. टेम्पोच्या हादऱ्यांनी आणि झोक्यांनी ते सैल पडतात. जोडणी झाल्यावर पान्याने एकदा आवळून घ्यायला लावा.

मग वजनाची चाचणी. दहा किलो तांदळाची पिशवी गादीवर ठेवून पाळण्याला नेहमीपेक्षा जोरात पंधरा-वीस झोके द्या. बाळ चार-पाच किलोचं असतं, पण कडेवर हात टेकून वाकणाऱ्या आजी, मावशी, काकू यांचा भारही त्या साखळ्यांवर येतो. झोक्याबरोबर स्टँडचा पाय उचलला जात असेल, तर पायांमधलं अंतर कमी आहे किंवा एका पायाचं रबर गेलं आहे. गुळगुळीत लादीवर रबराशिवाय स्टँड हळूहळू सरकत जातो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

गादी आपलीच न्या. भाड्याची गादी किती घरं फिरून आली आणि कधी धुतली, ते कळायला मार्ग नाही. पावसाळ्यात तर ती दमट लागते. पॅकेजातल्या गादीवर सॅटिनची चादर असते, चकचकीत आणि निसरडी. त्यावर बाळ उताराकडे घसरत राहतं. पातळ, घट्ट गादी, वर ताणून बसवलेली सुती चादर आणि जुन्या सुती साडीचं दुपटं, एवढं पुरतं. कडेला रचलेल्या मऊ उशा, फुलांच्या उशा, मोरपिसं, मण्यांच्या माळा बाळ ठेवण्याआधी काढा. चिमणाळं (पाळण्यावर टांगायचं चिमण्यांचं खेळणं) बांधायचं असेल तर बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर आणि पक्क्या गाठीने बांधा. मणी सुटून आत पडले तर बाळाची मूठ सरळ तोंडात जाते. झोका द्यायची गोंड्याची दोरी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला बांधलेली असावी आणि पाळण्याजवळ कुणी नसेल तेव्हा ती सोडून ठेवावी.

पाळण्याला काय लावलं आहे यापेक्षा कशाने लावलं आहे, ते आधी विचारा. झटपट काम करणारे डेकोरेटर टाचण्या आणि स्टेपल वापरतात. कापड सुटतं, टाचणी गादीत पडते, आणि ती सापडते ती बाळ रडल्यावर. सगळं सुती दोऱ्याने किंवा सुतळीने बांधायचं, हे आधी कबूल करून घ्या. चमकी लावलेलं कापड नको. चमकी झडते, डोळ्यांत जाते. थर्माकोलची अक्षरं किंवा चांदोबा कुणी देऊ करत असेल तर सरळ नाही म्हणा. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर आणि फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवर बंदी आहे.

आता धूर. ‘ढगांतून बाळाचा प्रवेश’ या नावाने जो विकला जातो, तो बहुतेक वेळा कोरड्या बर्फाचा असतो, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. गरम पाण्यात टाकला की त्याचा थंड वायू होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरतो. उभ्या माणसाला तो पायाशी दिसतो आणि काही वाटत नाही. पाळणा मात्र जमिनीच्या बराच जवळ असतो, आणि खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत तो वायू लवकर हटत नाही. बाळ श्वास घेतं ती हवा त्याच थरातली असू शकते. काही जण त्याऐवजी धुराचं यंत्र आणतात. त्या धुराने मोठ्यांनाही खोकला येतो. थंड आतषबाजी म्हणून जे झाड उडवतात, त्याच्याही ठिणग्या आणि धूर असतोच, आणि जवळच कापडी पडदा असतो. तिन्ही गोष्टी पॅकेजातून काढून घ्या. त्यांचे पैसे वजा करून मागायला लाजू नका. बहुतेक जण त्या बदल्यात फुलं वाढवून देतात.

दिव्यांकडे बाळाच्या जागेवरून बघा. बाळ उताणं असतं, त्यामुळे छतावरचा किंवा पडद्यावर लटकवलेला झोत सरळ त्याच्या डोळ्यांत येतो. पाळण्यावर वाकून, तोंड वर करून एकदा बघितलं की कुठला दिवा फिरवायचा ते कळतं. प्रकाश बाजूंनी हवा. एसीचा झोत पाळण्यावर येतो का, तेही त्याच वेळी तपासा. स्पीकर पाळण्याच्या मागे लपवायची पद्धत आहे. तो लांब ठेवायला लावा. पाळणा म्हणणाऱ्या बायकांना माईक दिला की पुरे.

नावाच्या पाटीकडे जरा थांबून बघायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. डेकोरेटर नाव व्हॉट्सॲपवरून उचलतो आणि कटिंगवाल्याला पाठवतो. कटिंगवाल्याच्या संगणकात देवनागरी नीट जुळवणारा फाँट नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, रफार सुटून पाय मोडका र दिसतो, जोडाक्षर फुटतं. शर्वरी, अद्वैत, हृषीकेश अशी नावं यात हमखास सापडतात. म्हणून नाव टाइप करून पाठवू नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवा आणि कापण्याआधी कटिंगच्या फाइलचं चित्र मागवून दोघांनी अक्षर-अक्षर तपासा.

दुसरी अडचण कापण्याची. देवनागरीत शिरोरेखा सगळी अक्षरं धरून ठेवते, पण अनुस्वाराचं टिंब आणि चंद्रबिंदूचं टिंब हे सुटे तुकडे होतात. ते दुहेरी टेपने पडद्यावर चिकटवले तर दमट हवेत दोन तासांत सुटतात. पाटीला मागे अखंड पत्रा किंवा ॲक्रिलिकचा तक्ता घ्यायला सांगा. आणि ती पाळण्याच्या बरोबर वर टांगू नका, बाजूला लावा.

खरी गोम पुढे आहे. आत्याने कानात सांगायच्या आधीच नाव पडद्यावर झळकत असेल, तर पाहुणे दारातच ते वाचतात आणि मग आत्याने सांगण्यासारखं काही उरत नाही. पाटीवर छोटा पडदा आणि त्याची दोरी भावंडाच्या किंवा आजोबांच्या हाती, ही सोय जवळजवळ फुकटात होते. ती आवर्जून मागा. पाण्याच्या बाटल्यांवर आणि भेटीच्या डब्यांवर नाव छापणार असाल तर तेही जेवणाच्या वेळेलाच बाहेर काढा.

पाटीवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव एकच असावं, म्हणून दोन्ही एकाच वेळी ठरवा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते आणि ती बहुतेक रुग्णालयाकडून महापालिकेकडे जाते. नाव मागाहून घालता येतं आणि नोंदणीपासून वर्षाच्या आत घातलं तर त्याला शुल्क नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव महाराष्ट्रात बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहिलं जातं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. रोमन लिपीतलं स्पेलिंगही आधीच कागदावर लिहून ठेवा.

फुलांसाठी दादर पश्चिमेला स्टेशनजवळ सेनापती बापट मार्गावरची मीनाताई ठाकरे फूल मंडई. पहाटे माल येतो तेव्हा निवड चांगली असते. उजाडल्यावर गर्दी वाढते. झेंडू-शेवंती किलोवर, गुलाब जुडीवर. माळ घेताना नगावर घेऊ नका, फुटात मोजून घ्या. हिशेब सोपा आहे. पाच फूट उंच दोन खांब आणि चार फूट दांडी मिळून चौदा फूट होतात. माळ सरळ न लावता गुंडाळायची असल्याने दीडपट धरा, म्हणजे एकवीस फूट. मध्यम आकाराचा झेंडू फुटाला दहा-बारा लागतो, तेव्हा घरी ओवणार असाल तर अडीचशे फुलं हाताशी ठेवा. थोडी चुरडतात, थोडी रांगोळीला जातात. शेवंती दिवसभर टिकते. गुलाबाच्या पाकळ्या दुपारपर्यंत काळवंडतात. निशिगंध आणि लिली पाळण्याजवळ नको, बंद खोलीत त्यांचा वास डोक्यात जातो आणि लिलीचा पराग कपड्यांवरून निघत नाही. मोगऱ्याचा एखादा गजरा दांडीला असावा, बारशाला तो वास हवाच, पण गजऱ्यांचा अख्खा पडदा नको.

फुलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की घाम धरून काळी पडतात. ओल्या फडक्यात सैलसर गुंडाळून न्या. आणि चढवण्याआधी झटका, कारण मुंग्या आणि बारीक किडे माळेत असतातच. फुलवाल्याने टवटवीसाठी मारलेलं पाणीही निथळू द्या, नाहीतर ते गादीवर ठिबकतं.

कुंची, झबलं, टोपडं दादरलाच रानडे रोडच्या आसपास खणाचं तयार मिळतं. खण आणि जर बाळाच्या मानेला घासतात, तेव्हा आतून मलमलचं अस्तर असलेलंच घ्या. नसेल तर आत सुती झबलं घाला. कुंचीची नाडी गळ्याशी सैल फासात, एका ओढीत सुटेल अशी बांधा.

पूजेच्या सामानात तयार पिशवी घेतली तरी तीन गोष्टी घरच्या ठेवा. अंगठीने नाव लिहायला पाव किलो तांदूळ पसरट ताम्हनात, समईची वात-तेल, आणि वरवंटा. ज्या घरांत बाळाआधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून फिरवतात, तिथे दोन-तीन किलोचा गुळगुळीत दगड कापडातून निसटायची भीती असते. आधी जाड पंचा गुंडाळून दोऱ्याने बांधा, मग झबलं घाला. आणि तो फिरत असताना बाळ पाळण्यात नसावं. पंचामृतासाठी मध लागतो, तो पूजेपुरताच. वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही मध चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. मोठी माणसं प्रेमाने पुढे येतात, म्हणून मधाची वाटी पूजेनंतर लगेच आत न्या.

घुगऱ्या केटररवर सोडल्या तर त्या बहुतेक कोरड्या आणि अर्धकच्च्या येतात. घरी करणं अवघड नाही. चाळीस माणसांना द्रोणभर द्यायच्या तर एक किलो हरभरे. शिजून ते दुपटीहून थोडे जास्त होतात. दहा तास भिजवा. मे महिन्यात रात्रीच्या पाण्याला फेस येतो, म्हणून मध्ये एकदा पाणी बदला. शिजल्यावर पाणी निथळून कापडावर पसरा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम असताना डब्यात कोंबल्या तर दोन तासांत तार सुटते.

जेवणाबद्दल फारसं सांगायची गरज नाही; मसालेभात, मठ्ठा, जिलबी करणारे चांगले केटरर मुंबईत पुष्कळ आहेत. किमान ताटांची हमी शक्य तेवढी कमी ठेवा. बारशाला येणारे बरेच जण बाळाला बघून, ओटी भरून निघतात.

जागा सोसायटीचा हॉल असो, शिवाजी पार्कचा वनिता समाज, ब्राह्मण सहायक संघ असो किंवा पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, पहिला प्रश्न आईच्या खोलीचा विचारा. आतून कडी लागणारी, पंखा असलेली, हॉलच्या अगदी शेजारची खोली हवी. दर दोन-अडीच तासांनी पाजायचं असतं. दुसरा प्रश्न, डेकोरेटरला आत कधी सोडणार? सकाळच्या सत्रात जोडणीला दोन तास मिळाले नाहीत तर वर सांगितलेल्या चाचण्या होतच नाहीत. तिसरा प्रश्न लिफ्टचा. सुटा न होणारा स्टँड मुंबईतल्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याने वर चढवण्याचे पैसे हमाल वेगळे मागतात.

दिवस ठरवताना लसींकडे बघा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लसी असतात; त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो, पाय दुखतो, आणि बाळ कुणाच्या हातात राहत नाही. बाराव्या दिवशीच घरगुती बारसं करायचं असेल तर वर सांगितलेल्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. पाच सुवासिनी, साधा पाळणा, दोन माळा. सगळ्यांनी आधी हात धुवायचे आणि पापा घ्यायचा नाही, एवढं दारातच सांगायला एक धीट मावशी नेमा.

रविवारी सकाळचं बारसं असेल तर पाळणा बहुधा शनिवारी रात्री दुसऱ्या कार्यक्रमात असतो. तिथून सरळ येतो, उशिरा येतो, आणि दाखवलेला सोडून दुसराच येतो. म्हणून पसंत केलेल्या पाळण्याचा फोटो, पोचायची वेळ आणि ‘हाच पाळणा, बंद कडीच्या साखळ्या, टाचण्या नाहीत, धूर नाही’ असं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि निम्म्याहून जास्त रक्कम आधी देऊ नका. उरलेले पैसे जोडणी आणि वजनाची चाचणी झाल्यावर द्या. अनामत असेल तर पाळणा आला तेव्हाचे ओरखडे फोटोत टिपून ठेवा. आणि डेकोरेटरची माणसं आवरायला येण्याआधी तांदळाच्या ताम्हनातली अंगठी, चिमणाळं आणि आपली गादी आधी काढून घ्या. तासाभरात सगळं एकाच गाठोड्यात बांधून टेम्पोत जातं.